मिसरातल्या सुइणी आणि माझी एक थाप

पप्पा, गुरुवारी चर्चमधल्या बायकांच्या सभेत मला बायबलातल्या मिसर देशाच्या सुइणींवर बोलायला लावलं. फारो राजानं इब्री लोकांचे मुलगे जन्मताच मारायला सांगितलं, सुइणींनी मारले नाहीत, आणि जाब विचारल्यावर बिनदिक्कत सांगितलं की इब्री बायका दांडग्या, आम्ही पोचायच्या आत बाळंत होतात. देवाचं भय धरल्याबद्दल त्यांचं भलं झालं, एवढं शास्त्र सांगतं; त्या थापेचं काय, याबद्दल गप्प बसतं. आणि शास्त्र गप्प बसलं की त्याचा अर्थ लावणारे टीकाकार बोलायला लागतात. मी तिघांना वाचलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली तुमची ती जाडी टीका म्हणते, भलं झालं ते भयाबद्दल. खोटं ते खोटंच, तांदळातल्या खड्यासारखं निवडून बाजूला काढायचं. दुसरा म्हणतो, खोटं मुळी नव्हतंच, बायका खरंच आधी मोकळ्या होत असतील. म्हणजे सुइणी वाटेत मुद्दाम रेंगाळल्या असणार. मला हा माणूस फार आवडला. तिसरा म्हणतो, जीव घ्यायला निघालेल्यापुढे खरं बोलायला कुणी बांधलेलं नसतं.

तिन्ही मतं मांडून झाल्यावर मागच्या सतरंजीवरून एक म्हातारी म्हणाली, "बाई, ह्या लिवणाऱ्यायनं कवा कोनाचं बाळंतपण केलं व्हतं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता छातीवरचा धोंडा सरकला. एवढे शहाणे लोक एका थापेवर एकमत होत नाहीत, आणि मी तुमच्या एकट्याच्या मताखाली अर्धं आयुष्य वाकून काढलं!

चारठाण्याकडच्या उपकेंद्रात मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. एका बाईला चौथी मुलगी झाली. माझा हात धरून ती म्हणाली, "सिस्टर, आता न्हाई सोसत. लय झालं. मला आपरेशन करायचंय, पर सासू करू देईना." सासू बाहेर पायरीवर बसलेली, नातवाची वाट बघत. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलंय मावशी, पुढच्या खेपंला सून हाती लागायची न्हाई." डॉक्टर असं काही बोललेच नव्हते. म्हातारीचा चेहरा उतरला. पदर चाळवत ती म्हणाली, "मंग करून टाका. मला माजी सून पायजे."

चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या आदल्या दिवशी, ज्याचं मन खात असेल त्यानं पाळकासमोर बसून बोलून घ्यायचं, पश्चात्तापाशिवाय भाकर नाही, हा आपल्या मंडळीचा रिवाज. पाळक तुम्हीच, म्हणून त्या महिन्यात मी आपल्याच स्वयंपाकघरातून उठून आपल्याच ओट्यावर येऊन बसले. तुम्ही त्या दिवशी मला पोरी म्हणाला नाहीत, सगळ्यांना म्हणायचात तसं भगिनी म्हणालात. मी सगळं सांगितलं. तुम्ही टीका उघडून सुइणींचं पान वाचून दाखवलंत आणि विचारलंत, "त्या बाईची सुटका झाली याचा मलाही आनंद आहे, भगिनी. पण खोटं बोलल्याचा पश्चात्ताप झाला का?" आत आई चहा गाळायचं थांबलेली, मला कळत होतं. नाही म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी भाकरीसाठी उठली असती आणि पाळकाची मुलगी तेवढी बाकावर बसून राहिली असती. मी मान खाली घालून म्हणाले, "झाला." तुमचे डोळे भरून आले. डोक्यावर हात ठेवून तुम्ही मला पोरी म्हणालात.

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहायचा धीर होतोय. पप्पा, पश्चात्ताप झाला नव्हता. त्या सासूशी खोटं बोलल्याचा तेव्हाही नव्हता, आजही नाही, आणि हे स्वतःशी कबूल केल्यापासून मला फार हलकं वाटतंय. तुमच्याशी खोटं बोलले त्याचा मात्र त्याच संध्याकाळपासून आहे.