एकटीच्या मापाचं घर

लातूर, ६ मार्च १९८३

आले बाई एकदाची माझ्या घरात! लातूर जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली, मी बदली मागितली आणि चक्क मिळाली. उदगीरला भावाच्या घरी अडतीस वर्षं ज्वारीच्या पोत्यांशेजारी झोपले. वहिनी म्हणते, एकट्या बाईला घर कशाला लागतं? लागतं! मालक सिद्रामप्पा औशाला असतात. वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या नि हवं तसं करून घ्या म्हणाले. आता ओटा, फळी, खुंट्या, सगळं माझ्या उंचीचं. मी बुटकी. वहिनीच्या ओट्याशी पाट घेऊन उभी राहायची, ते आता बास.

९ मार्च

गवंडी मिळाला, मडिवाळप्पा. हात सोन्याचा म्हणतात, पण डोळ्यांत मोतीबिंदू. टेप वापरत नाही. माणूस उभं करून सुतळी लावतो नि गाठ मारतो. मला कचेरीची घाई. म्हटलं, माप संध्याकाळी घ्या, तोवर जुनं फोडून ठेवा. किल्ली त्याच्याकडेच दिली. टँकर तीन दिवसांनी येतो. पिण्याच्या पाण्यातल्या दोन घागरी सिमेंटसाठी काढून ठेवल्या.

१२ मार्च

मी माप द्यायच्या आधीच ओटा झाला आणि माझ्या छातीला लागतो! लई झापलं म्हाताऱ्याला. तो उलट मलाच म्हणतो, अक्का, दुपारी तुमीच येऊन उभ्या राहिल्या की, मी गाठ मारली. दुपारी मी कचेरीत दुष्काळाच्या फायली उपसत होते. दुसरीच कुणी शेजारीण मधे तडमडली असणार. उंच दिसते मेली.

१५ मार्च

फळीला हात पुरत नाही. खुंटीवर लुगडं टाकायला उडी मारावी लागते. शेजारणींना विचारलं, कुणीच वर आलेलं नाही.

आणि ओटा ओला आहे. घरात प्यायला तांब्याभर पाणी, सिमेंटवर मारायला थेंब नाही. तरी रोज ओला.

१८ मार्च

औशाला जाऊन आले. सिद्रामप्पांच्या बायकोनं, शांतम्मानं, आधी चहा दिला, मग सांगितलं. माझ्याआधी केवळाबाई नावाच्या मास्तरीण होत्या. एकट्याच. दाराच्या चौकटीला डोकं लागायचं इतक्या उंच. घर आपल्या सोयीचं करून घेणार होत्या. ओट्याच्या विटा येऊन पडल्या नि त्या गेल्या. शेवटपर्यंत एकच म्हणत होत्या, या घरात दुसरं माणूस नको.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू?

२० मार्च

भावाचं पत्र. परत ये, पोती हलवून जागा करतो म्हणे. नाही जाणार. मेले तरी नाही. हे घर माझं —

मडिवाळप्पाला काम थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, एकच काम उरलंय, बाईंनी कालच सांगितलं. कोणत्या बाईंनी? तर खाली बघून थापी पुसायला लागला. किल्ली काढून घेतली.

२२ मार्च, संध्याकाळ

कचेरीतून आले. कुलूप जसंच्या तसं. आतल्या खोलीच्या भिंतीत नवाच कोनाडा, माणूस मावेल एवढा —

तीनकोनी. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की बसवून पुरतात. खड्ड्याच्या पोटात असाच तीनकोनी कोनाडा खोदून त्यात बसवतात. बापाला बसवलेला मी पाहिला आहे.

मडिवाळप्पाकडे पळत गेले. तो तापानं फणफणलाय, दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. एवढंच म्हणाला, त्या कामाला बाईंनी माप उभं राहून नाही दिलं, गाठी मारलेली सुतळीच दिली.

सुतळी कोनाड्यात पडली होती. मांडी घालून डोक्याला लावून पाहिली. गाठ बरोबर टाळूवर.

पळायला पाहिजे. कधी आत बसले —

आतूनच लिहितेय. गुडघे, खांदे, डोकं. कुठं बोटभर कमी नाही, जास्त नाही. समोर कुणीतरी विटा रचतंय, गिलावा कालवतंय, पाण्याचा आवाज येतो, एवढं पाणी कुठून —

आख्ख्या घरात हे एवढंच माझ्या मापा