तांबडा दगड

धाकट्या,

चहा थर्मासमध्ये आहे, जेवण झाकून ठेवलंय. आईच्या डोळ्यांत थेंब घाल. एवढा पूर्वरंग पुरे.

काल ज्वालामुखीच्या कडेच्या त्या नव्या वाटेने गेले. वळणावर आपली खूण दिसली, दोन काळे दगड आणि वर तांबडा. जीव सुखावला. माझा भाऊ इथून जाऊन आलाय म्हटलं आणि काठी न ठोकताच पाय टाकला. खालची जमीन पोकळ! मांडीपर्यंत आत गेले. देवाने हात दिला म्हणून ही चिठ्ठी लिहितेय.

वळणापलीकडच्या राखेत एकही पाऊल नव्हतं रे. तू तिथूनच मागे फिरलास आणि वर तांबडा दगड ठेवून आलास. तांबडा म्हणजे ‘मी स्वतः चालून आलोय’, हे तुला मीच शिकवलं ना? आणि जेवताना माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, “ताई, वाट पक्की आहे, डोळे झाकून जा.” भीती वाटली म्हणाला असतास, तर पोटाशी धरलं असतं तुला.

आज येणाऱ्या सहलीच्या लोकांनाही तू हीच वाट सांगितलीस. त्यांचा फोन लागत नाही, म्हणून मी लंगडत का होईना, वळणावर जाऊन उभी राहते.

चिठ्ठी उडू नये म्हणून ठेवलेला दगड तिथलाच आहे.

जेवून घे. पण यापुढे तुझ्या शब्दावरही मी आधी काठी ठोकीन, मगच पाय टाकीन.

ताई