चार वाजता कानात

तीर्थरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यामुळे तो उभ्याउभ्याच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) वहिनींचा दमा बराच उतरल्याचं आत्याकडून कळलं, बरं वाटलं. तुमची प्रकृतीही ठीक असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं मजेत. हिची नजर कमी झाली आणि माझे कान गेले, म्हणजे दोघांत मिळून एक धड माणूस अजून शिल्लक आहे.

पत्रास कारण कानांचंच. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचं सगळं कानावर चालतं. चाक फिरवलं की बॉबिनची डबी घासतेय की पट्टा सैल झालाय, हे मला बघावं लागत नसे. गेल्या वर्षभरात ते कळेनासं झालं. एका शिंपीणबाईंचं मशीन मी ‘अगदी ठीक’ म्हणून तीनदा परत दिलं आणि तीनदा त्या ते हातगाडीवर घालून परत घेऊन आल्या. चौथ्यांदा त्या मशीन न आणता नुसतं माझ्याकडे बघायला आल्या. मग हिने हट्ट धरून मला कानाचं यंत्र घ्यायला लावलं. मोठ्या कंपनीचं. डबी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, पण आख्ख्या डबीला एक स्क्रू नाही. (ज्या वस्तूला स्क्रू नाही, तिच्या कंपनीला आपण आत डोकावलेलं नको आहे, हे माझं ठाम मत आहे. फोनवाले, टीव्हीवाले, सगळे आता वस्तू चिकटवून बंद करतात आणि वर ‘खास तुमच्यासाठी’ असं छापतात.) दुकानदार म्हणाला, हे नवं नाही, पण नव्यासारखं आहे. या दोहोंतला फरक मी पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावतोय, पण स्वतः गिऱ्हाईक झालो आणि मान डोलावून बाहेर पडलो.

पहिला दिवस सुखाचा गेला. पंख्याला आवाज असतो हे मी विसरलोच होतो. दुपारी चार वाजता मी त्याच शिंपीणबाईंचं मशीन उघडून बसलो होतो, त्या समोर सुईत दोरा ओवत होत्या, आणि अगदी कानाशी एका बाईमाणसाने विचारलं, “झोपलात का हो?” मी म्हटलं, “नाही.” शिंपीणबाईंनी सुई खाली ठेवली. त्यांचं तोंड बंदच होतं, कारण दोऱ्याचं टोक त्यांच्या ओठांत होतं.

दुसऱ्या दिवशी चारलाच तोच आवाज. “आज खिडकी पुसली, तुम्ही सांगायचात तशी ओल्या कागदाने.” तिसऱ्या दिवशी, “तुमचा करडा स्वेटर देऊन टाकला, रागावू नका, कोपरं विरली होती.” शांत, घरगुती आवाज, पोळपाटाशेजारी बसून बोलावं तसा. मी हिला सांगितलं की एक बाई रोज चार वाजता माझ्याशी बोलते. हिने मुळीच घाबरून न जाता विचारलं, “काय म्हणते?” आणि दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच यंत्र काढून घेऊन स्वतःच्या कानात घातलं. तासभर बसली. तिला फक्त माझं नाक वाजलेलं ऐकू आलं.

मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथे आधी वीस मिनिटं एक ध्वनिमुद्रित बाई सांगत होती की तुमचा आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे. नंतर एका जिवंत माणसाने यंत्राचा नंबर विचारला. म्हणाला, हे आधी दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर होतं, पण आम्ही ते पूर्ण पुसलं आहे. कोणाच्या नावावर, ते सांगायची परवानगी नाही. मी विचारलं, मग ही बाई कोण? तो म्हणाला, ॲप अपडेट करा. त्याने सांगितलं तिथे बोट ठेवत गेलो, तर यंत्र कुठे कसं ऐकणार याची यादी उघडली. आधीच्या मालकाने आपल्या हाताने नावं दिलेली. घर. बाजार. दवाखाना. आणि शेवटचं, ‘ती’. त्याच्यापुढे वेळ होती चार ते पाच. दादा, भर दुपारी माझ्या हातांना लागलेलं मशीनचं तेल थंड पडलं.

पुढच्या दिवशी चारला ती म्हणाली, “खालचा मशीनवाला पुन्हा तीच शिट्टी वाजवतोय. सूर कधी लागायचा नाही त्याला.”

माझी शिट्टी ओठातच राहिली.

आमच्या दुकानाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, घड्याळजी राहायचे. मागच्या वर्षी गेले. त्यांच्या बाई एकट्याच असतात, शाळेत शिकवायच्या, आता क्वचित खाली उतरतात. मला सगळा उलगडा झाला. अशा यंत्राबरोबर एक बटणाएवढा माईक मिळतो, बायकोने पदराला लावायचा, म्हणजे तिचं बोलणं थेट नवऱ्याच्या कानात. घड्याळजींचं यंत्र कंपनीने पुसून मला विकलं, आणि बाई अजून तो माईक लावून त्यांच्याशी बोलतात. बिचाऱ्यांना सांगायला हवं, म्हणून मी यंत्र कानात ठेवूनच जिना चढलो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटाचा खण उघडून माईक काढून दाखवला. त्याचा सेल फुगून डबी उकललेली होती. “ते गेले त्या दिवसापासून इथेच आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मी वर्षभरात या घरात मोठ्याने काही बोललेच नाहीये. कुणाशी बोलू? मी मनातच बोलते.”

त्या खुर्चीत बसल्या. समोरची खुर्ची रिकामी. ओठ मिटलेले, मी बघत होतो. आणि माझ्या कानात त्या म्हणाल्या, “म्हणजे पोचत होतं तर.”

मी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडे परत सरकवलं. मोठ्याने विचारलं, त्यांचं काही उत्तर येतं का. मी म्हटलं, नाही, फक्त तुमचंच बोलणं येतं. “असू दे,” म्हणाल्या, “असताना तरी ‘हं’च्या पुढे कुठे जायचे?”

त्या दिवसापासून आवाज बंद झाला. त्याऐवजी चार वाजले की बाईच खाली येतात, स्टुलावर बसतात आणि चांगल्या खणखणीत बोलतात. ही चहा टाकते. माझी शिट्टीही त्या तोंडावर सुधारतात. पण गेल्या आठवड्यात एका वाक्यानंतर त्या जरा थांबल्या, आणि माझ्या उजव्या कानात कुणीतरी म्हणालं, “हं.”

दोन दिवसांनी मी ते त्यांना सांगून टाकलं. बाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या पुढे वाकून म्हणाल्या, “कुठल्या वाक्यावर?”

मला आठवेना. तेव्हापासून मी वही घेऊन बसतो.

वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा

ता. क. कंपनीने यंत्र कसं वाटलं म्हणून पाचपैकी तारे मागितले आहेत. मी दोन दिले. कारण विचारलं होतं, तिथे ‘स्क्रू नाही’ असं लिहिलं.

ता. क. दुसरा. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. काल बाई गेल्यावर मी ‘ती’वर बोट ठेवलं आणि तुमचा फोटो पुढ्यात घेऊन बसलो. काही आलं नाही. आईच्या शेवटच्या दिवशी तुम्ही मला अकरा फोन केलेत. मशीनच्या आवाजात ऐकू आला नाही, असं मी सांगितलं, आणि त्यावर तुम्ही सात वर्षं बोलला नाहीत. दादा, तेव्हा माझे कान उत्तम होते. अकराही वेळा ऐकू आला. तिला तसं बघायचा धीर झाला नाही, म्हणून पुढ्यात ठेवून वाजू दिला. तुमच्या मनात जे काही असेल ते माझ्यापर्यंत कुठल्याच यंत्रातून येत नाही. तेव्हा मोठ्याने बोला, शिव्या घाला, पण फोन करा. उचलतो.