फुकटची रांग

अहमदपूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. रत्नम्माअक्कास,
धाकट्या गुंडप्पाचा शरणु शरणार्थ.

नातवाच्या दुसऱ्या वाढदिवसाला मंडप, जेवणावळ, बँड धरून दोन लाख चाळीस हजार गेले. त्यात तू धरलेली नव्हतीस. जेवण टाकून देगलूरची एसटी धरलीस, ती दोन वर्षं आली नाहीस. खरा खर्च तो.

गुडघा कसा आहे? इकडे तूर बरी आली. मोंढ्यातलं अडतीचं दुकान आता लेक उमाशंकर सांभाळतो. मी चहा पीत लोकांच्या चुगल्या ऐकतो. दहा पावलांवरचं पुटपुटणं अजून टिपतो.

ओजस चार वर्षांचा झाला. गुटगुटीत आहे. तहान लागली की अंगठा तोंडाला लावतो, गाडीत बसायचं असलं की माझ्या तळहातावर दोन बोटं दाबतो. सांभाळायला दोन बाया. बोट उचलायच्या आत वस्तू हातात. मी मोंढ्यात सांगत फिरलो, "पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे ना? हे पोर पोटातूनच शिकून आलंय! लातूरला लाखभर फीच्या शाळेत जागा धरून ठेवलीय त्याची." मोंढा हसायचा. मीही.

त्या वाढदिवशी बँड थांबल्यावर तू त्याच्या पाठीमागं ताट वाजवलंस. "गुंडू, लेकरू वळंना. तीस वर्षं अंगणवाडीत लेकरं बघितली मी. उद्या तुमच्या गल्लीत तपासणीचं पथक येतंय, दाखव."

आणि मी पाव्हण्यांसमोर म्हणालो, "फुकटच्या खिचडीवर वाढलेलं लेकरू न्हाई हे, अक्का. रांगेत उभं करायला काय कमी हाय आम्हाला? तुझ्या डोळ्यात खुपतंय, दुसरं काही न्हाई."

पथक आलं होतं. नर्सबाई फाटकापर्यंत आली. "आमचा डॉक्टर वेगळा हाय," म्हणून मीच परत पाठवली. त्या वेगळ्या डॉक्टरकडे मात्र गेलो नाही. सून मंजुश्री दोनदा म्हणाली, दाखवून येऊ. "उमाशंकर पण उशिराच बोलला," म्हणून तिला गप्प केलं.

त्या रांगेत आमच्या मलप्पा हमालाची नात होती. ओजसएवढीच. तिच्या कानात दोष निघाला, सरकारी खर्चानं ऑपरेशन झालं. गेल्या महिन्यात ती अडतीत आली आणि पोत्यांवरून ओरडली, "आबा, चल की घरी!" सगळे हसले. मी गोदामात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी ओजसला लातूरला नेलं. जन्मापासून ऐकू येत नाही त्याला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, आवाज कळेलही. पण आजोबा, भाषा शिकायची वर्षं यानं शांततेत काढली. बोलेल, असा शब्द देत नाही."

"पैसे लागतील तेवढे घ्या," मी म्हणालो.

"पैशाचा प्रश्न नव्हताच," ते म्हणाले.

मंजुश्री आता माझं ताट वाढते, माझ्याकडे बघत नाही. तिचं बरोबर आहे.

तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. समोर बसून तासन्‌तास बोलणारं माणूस लागेल त्याला. आमच्या घरात सगळे आणून देणारेच.

त्या मोठ्या शाळेनं नकार कळवला. सोमवारी मूकबधिर विद्यालयात नाव घालतोय. तिथं फी नाही.

तुझा,
गुंडू