नोहाचा ताप

लेस्टर, १२ नोव्हेंबर

प्रिय पप्पा,

इथल्या गारठ्यातून तुम्हाला आणि आईला सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? देवळालीत ऊसतोड सुरू झाली का?

अल्पसंख्य समाजांतल्या मानसशास्त्रज्ञांना पुढं मोठ्या जागा सांभाळता याव्यात, म्हणून इथं प्रशिक्षण चालतं. त्यात माझी निवड झाली. मार्गदर्शनाला डॉ. ग्रँट आहेत, जमैकाच्या, आईच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, या कामात का आलीस? मी नेहमीचंच सांगितलं, थोरला भाऊ तापानं गेला.

त्या म्हणाल्या, "मग तू तापाची डॉक्टर झाली असतीस."

पप्पा, मी खरं सांगून टाकलं. नोहानं स्वतःच जीव दिला, हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. रागावू नका. चर्चच्या कबरस्तानात त्याला जागा मिळावी म्हणून तुम्ही पाळकसाहेबांना ताप सांगितलात, तेव्हा मी तुमचा हात धरून उभी होते. त्यानंतर तुम्ही त्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही.

मी रोज परक्यांचं दुःख ऐकते. तुमचं ऐकायचं राहिलं.

रविवारी फोन करीन. या वेळी "थांब, आईकडं देतो" म्हणू नका.

तुमची,
शलोमी