ओळ संपल्याचा आवाज

प्रिय चौकसबाई,

तुझ्या काकांचं स्वेटर विणायचं मशीन मजेत आहे. तेच आधी सांगते, कारण मावशी कशी आहे हे तू नंतरच विचारणार!

गेल्या वर्षी मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने हात टेकले होते. नवी सिस्टिम या डब्याला झेपणार नाही, झेपली तरी तुमचं मशीन ओळखणार नाही, म्हणाला. काकांचं जेवणावरचं लक्षच उडालं. मग तू आलीस, झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात एकेक चिप वाचत बसलीस. सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल, म्हणालीस. या डब्यात जे आहे तेवढंच त्यात ठेवायचं, बाकीचं ओझं काढायचं. मग पडद्यावर प्रश्नांमागून प्रश्न, आणि तू प्रत्येकाला हो-नाही करतेयस. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार. एवढी चिकाटी आपल्या घराण्यात आली कुठून? मला तर लोकरीचा गुंता दिसला की कात्री सुचते.

डबा झटक्यात सुरू झाला, मशीनही हललं. मी टाळ्या पिटल्या. काकांनी मात्र एक ओळ विणली, थांबले, डब्याला कान लावला. पुन्हा तेच. माझा असा संताप झाला! पोरीने जिवाचं रान केलं आणि यांचं तोंड वाकडंच. तू नुसती त्यांच्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, काका, माझंच चुकलं, आतला छोटा स्पीकर बिनकामाचा समजून मी त्याला नाही म्हटलं, म्हणून ओळ संपल्याचा आवाज येत नाहीये. आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलंस. शिवाय धागा तुटला की वाजणारा वेगळा, जाडसर आवाजही दिलास. मला ती आपली हौस वाटली.

परवा काकांनी हाक मारली, दोन लोकरी पुढे धरल्या आणि विचारलं, यातली निळी कुठली गं? उभ्या संसारात त्यांनी मला लोकरीला हात लावू दिला नव्हता. मी हसले, मग त्यांचा चेहरा बघून थांबले. डोळे कधीचेच अधू झालेत. पडद्यावरचं तर काहीच दिसत नाही. म्हणाले, पोरीने त्याच दिवशी ओळखलं, पण तुला सांगायचं काम माझ्यावर सोडलं.

मी दिवसभर तुझ्यावर धुमसत होते. संध्याकाळी ते कामाला बसले, डोळे मिटून, फक्त ऐकत. एक टाका चुकला नाही. मी दारात उभी राहून रडले. त्यांचं काम राहिलं, मानही राहिला. कधी गं एवढी मोठी झालीस?

तेव्हा विणत होते तोच स्वेटर या पत्रासोबत पाठवतेय. निळा आहे, लोकर मी बघून दिलेली. घातलास की फोटो पाठवू नकोस. फोन कर, आणि बाह्या कुठवर येतात ते त्यांना तोंडाने सांग.

तुझीच,
राग गेलेली मावशी