फियाटला फुटलेला घाम

मलकापूर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. भालचंद्र यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून ताई पत्र का लिहिते, असं माझ्या भावजयीला, रेवतीला वाटेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे एक वाक्य मला पुरं करायचंच आहे. ते असं, की बाहेर दसऱ्यापासून थेंब नाही आणि तू केलेल्या गॅरेजमध्ये रोज पहाटे पाऊस पडतो.

मार्चमध्ये तू आलास तेव्हा मी किती कौतुकाने पाहत होते. जन्मभर कारखान्यात इंजिनियर म्हणून राबलेला माझा धाकटा भाऊ, निवृत्त झाल्यावर ताईच्या जुन्या फियाटसाठी शिडीवर चढतो आहे! पत्र्याखाली थर्माकोल लावलास, त्यावर चांदीसारखा कागद, शटरच्या कडांना रबर. ह्यांनी भिंतीत वर ठेवलेली जाळी तर विटा लावून बुजवूनच टाकलीस. मलकापूरचं ऊन आता आत पाऊल ठेवणार नाही, गॅरेजचा थर्मास केला आहे, असं तू शेजारच्या पुष्पाबाईंना छाती फुगवून सांगितलंस.

ऊन आलं नाही, कबूल. पण आता थर्माकोलच्या सांध्यांतून टपटप सुरू आहे, लोखंडी अँगलला थेंबांची माळ लागते, शटर आतून ओलंचिंब, आणि मागच्या सीटवर हिरवट बुरशी. परवा पुष्पाबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, वासंतीबाई, गाडीले काऊन घाम फुटून राह्यला, ताप आला का तिले? मला हसू आलं. मग फडकं घेऊन पुसायला बसले, तर दाराच्या खालच्या कडेला गंजाचा ठिपका दिसला. मग नाही हसले.

आपली पैज तुझ्या लक्षात असेलच, तूच लावली होतीस. होळीपर्यंत गाडी धड राहिली तर तू गप्प बसायचं. नाही राहिली, तर मी गाडी आणि घर दोन्ही विकून पुण्याला तुमच्याजवळ राहायला यायचं. मी शब्द दिला आहे आणि तो मोडणार नाही. पण मग शनिवारी पिंपळगाव राजाला धम्मशीलाकडे कोण जाणार? शाळेत आम्ही दोघींनी एका टेबलावर वह्या तपासल्या. आता गुडघ्यांनी तिला घरात डांबलं आहे. मी हॉर्न वाजवला की ती काठी टेकत येते, पुढच्या सीटवर बसते, आणि आम्ही शेतांमधून तासभर फिरून येतो. आठवड्यात तेवढंच तिचं बाहेर पडणं. ह्यांनी मला ही गाडी शिकवली ती काय गंजू द्यायला?

बाकी क्षेम. आठ-दहा दिवसांनी काल नळ आले. पुष्पाबाई आणि मी पाइप लावून सगळे ड्रम काठोकाठ भरले, नेहमीप्रमाणे गाडीच्या दोन्ही अंगांना, आणि आई बांधायची तसं वर पातळ फडकं बांधलं. प्लास्टिकच्या झाकणाने पाण्याला वास येतो. पाण्यालाही श्वास लागतो, हे आईचं म्हणणं मला अजून पटतं. तुरीच्या शेंगा निघाल्या की रेवतीसाठी पाठवीन. तुला नाहीत.

लोभ होता तेवढा आहे. वाढवायचा की नाही ते उत्तर पाहून ठरवीन.

तुझी,
ताई


पुणे,
१ डिसेंबर २०२४

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

गळक्या छपराला पाऊस म्हणायची मलकापूरची रीत वाचून करमणूक झाली. तुझा पत्रा माझ्या मुंजीइतका जुना आहे. खिळ्यांच्या भोकांतून रात्रीचं दव आत येतं, दुसरं काही नाही. यात माझ्या थर्माकोलचा दोष काय? वरून डांबर मारून घे.

दुसरं, तू शटर घडीघडी उघडत असशील. बाहेरची थंड, ओलसर हवा आत घ्यायची आणि मग भावाच्या नावाने खडे फोडायचे! दिवसरात्र घट्ट बंद ठेव. हे शास्त्र आहे, पुष्पाबाईंचा सल्ला नव्हे. तू गाडी दुसऱ्या गिअरमध्येच चालवतेस, त्यामुळे इंजिनाचं काय व्हायचं ते होवो.

गंजाचा ठिपका वाढला तर कळव, इथे जुन्या गाड्यांचं एक गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं आहे. तुझ्या पत्रातला गॅरेजचा भाग लक्षपूर्वक वाचला. बाकीचा घरगुती मजकूर सवडीने वाचीन. रेवतीचा नमस्कार.

लहान आहे म्हणून सांभाळून घेत आलीस, तसंच याही वेळी घे.

तुझा,
भालचंद्र


मलकापूर,
१५ डिसेंबर २०२४

चि. भालचंद्र यास आशीर्वाद. या वेळी अनेकही नाहीत, उत्तमही नाहीत.

डांबर मारलं. छप्पर काळंकुट्ट झालं आणि आतला पाऊस तसाच राहिला. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर बर्फ घातलेला पितळेचा पेला टेबलावर ठेवायच्या आणि बाहेरचे थेंब दाखवून विचारायच्या, मुलींनो, पेला गळतो का? सहावीतल्या मुलींना जे कळलं ते कारखान्याच्या साहेबाला कळू नये! हवेतलीच वाफ गार पत्र्यावर बसते, एवढं मला ठाऊक आहे. ती वाफ येते कुठून, हे मात्र कळत नाही. आत चूल नाही, बंब नाही, ओले कपडेही मी तिथे वाळत घालत नाही.

तुझं ऐकून शटर बंद ठेवलं. त्यानंतर तर कहरच झाला. काल शनिवारी गाडी सुरूच होईना. भागवत मेकॅनिकने बोनेट उघडलं आणि म्हणाला, ताई, प्लगला करंट देते त्या टोपीत पाणी जमून राह्यलं, हे गाडी हाय का माठ? मी धम्मशीलाला फोन केला तोवर ती साडी बदलून दारात खुर्ची टाकून बसली होती. काही हरकत नाही म्हणाली. ती तसंच म्हणते.

ठिपक्याचे आता तीन झाले आहेत. तुझ्या गिऱ्हाइकाला सांगून ठेव. शब्द म्हणजे शब्द.

आज पुन्हा नळ आले. ड्रम भरून झाले, कंबर धरली आहे.

लोभ शिल्लक आहे, पण तळाशी.

ताई


पुणे,
२१ डिसेंबर २०२४

ती. ताईंना सा. न. वि. वि.

तुमच्या भावाआधी मीच लिहिते. तुमच्या पत्रांतला गॅरेजपुरता मजकूर वाचून हे उठतात. मी शेवटपर्यंत वाचते, कारण तुरीच्या शेंगा शेवटी असतात. या वेळी शेंगा नव्हत्या, पण ड्रम दिसले. मग मागचं पत्र काढलं, तर त्यातही ड्रम.

मी ह्यांना विचारलं, गरम पोळ्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं तर काय होतं? म्हणाले, झाकणाला पाणी सुटतं. मग ताईंच्या बंद गॅरेजमध्ये तोंडाला नुसतं फडकं बांधलेले ड्रम उभे आहेत, त्यांचं पाणी कुठे जात असेल? ह्यांनी कागदावर गॅरेज काढलं, त्यात ड्रम काढले. मग चिडून म्हणाले, ताईनं ड्रमचं आधी काऊन नाही सांगितलं? तेही तसंच, वऱ्हाडीत! मी म्हटलं, त्यांनी सांगितलं होतं, तुम्ही वाचलं नाही. आणि मलकापूरच्या माणसाने ड्रमचं वेगळं काय सांगायचं? ज्या गावात तुम्ही ड्रम भरत मोठे झालात तिथे ते असणारच, हे पुण्याच्या रोजच्या नळाखाली तुम्ही विसरलात.

पण ताई, तुमचंही चुकलंच. चूल आठवली, बंब आठवला, आणि गाडीला टेकून उभे असलेले ड्रम तेवढे आठवले नाहीत. भावंडं शोभता.

छिन्नी-हातोडी बॅगेत भरून हे येत्या शुक्रवारच्या गाडीने निघत आहेत. जास्त बोलू नका, अशी विनंती. थोडं बोला.

आपली,
रेवती


मलकापूर,
१२ जानेवारी २०२५

चि. भालचंद्र यास अनेक उत्तम आशीर्वाद, सगळे परत.

जाळी पुन्हा मोकळी झाली, आणि समोरच्या भिंतीत खाली पाडलेल्या झरोक्यातून गार हवा येऊन वरून निघून जाते. ड्रम मागच्या पडवीत गेले, फडक्यांसकट. आज पहाटे अँगलवर बोट फिरवलं. बोट कोरडं. थर्माकोल राहू दिला आहे. मे महिन्यात त्याचं कौतुक करीन, आत्ता नाही.

गंजाचे ठिपके खरवडून भागवतने रंग लावला. रंग जुळत नाही, गाडीला तीट लावल्यासारखं दिसतं. काल शनिवारी धम्मशीलाला घेऊन पार नांदुऱ्याच्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या गिअरमध्ये.

तू असताना नळ आले ते बरं झालं. आरोळी ऐकताच अर्धी पोळी टाकून पाइप धरायला धावलास, आणि सरक बे, सांडून राह्यलं, असं चक्क थोरल्या बहिणीला म्हणालास! पुण्याची शुद्ध भाषा पडवीच्या मोरीतून वाहून गेली. पुष्पाबाई अजून नक्कल करतात.

लोभ पुन्हा काठोकाठ आहे, त्याला झाकण नको.

तुझी,
ताई


पुणे,
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

होळीला अवकाश आहे, पण मी पैज हरलो. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. हे पत्र जपून ठेवशील आणि दर दिवाळीला वाचून दाखवशील, हे जाणून लिहितो आहे.

इथे नळ दिवसभर असतो. कुणी आरोळी देत नाही, कुणी कुणाला सरक म्हणत नाही. रेवती म्हणते, तुम्ही मलकापूरहून आल्यापासून घरात उगाच बादल्या भरून ठेवता. पुढचे नळ कधी येणार ते आधी कळवशील का? त्या बेताने दोन दिवस यावं म्हणतो.

तुझा,
भालचंद्र


मलकापूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. भालचंद्र यास अनेक उत्तम आशीर्वाद.

इंजिनियर झालास, पण शहाणा काही झाला नाहीस. नळाचा दिवस आधी कळत असता तर मलकापुरात एवढे ड्रम कुणी कशाला भरून ठेवले असते? तो दिवस गाठायचा एकच उपाय आहे. रेवतीला घेऊन इथेच येऊन राहा. पुढची खोली झाडून ठेवली आहे, शेंगा संपल्या पण तुरीचे सोले वाळवले आहेत, आणि तुम्हाला आणायला स्टेशनवर फियाट घेऊन मी स्वतः येईन.

एखादं घर विकण्याची तुला फारच हौस असेल, तर पुण्याचं वीक.

वाट पाहणारी,
ताई